यूट्यूबरने, रीलवाल्याने दुखावलं तर: तक्रार कशी करायची आणि नुकसान कसं भरून घ्यायचं

तासगावच्या आठवडे बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसणारी एक मावशी. एक पोरगा गिऱ्हाईक म्हणून येतो, खेळण्यातली शंभराची नोट पुढे करतो. मावशी ती न बघताच पोत्याखाली सारते, आणि पोरगा आरडाओरडा सुरू करतो, ‘ही बाई खोट्या नोटा चालवते!’ माणसं जमतात. मावशी घाबरून रडायला लागते, कमरेच्या पिशवीतले सगळे पैसे काढून त्याच्यापुढे धरते. मग पोरगा हसत गर्दीतल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवतो. आठवड्याभरात तो व्हिडिओ तीन लाख लोक बघतात.

कुणाची ओळख उघडी पडू नये म्हणून दोन-तीन प्रकरणांचे तपशील मी इथे एकत्र केले आहेत. पुढे जे होतं ते मात्र जवळपास दर वेळी सारखंच असतं. बाजारात तिला ‘नोटवाली मावशी’ म्हणायला लागतात. मुलगा कॉलेज बुडवायला लागतो. नवरा म्हणतो, बाजार बंद कर. पोलिस ठाण्यात गेलं तर विचारतात, मारलं का, चोरलं का, मग गुन्हा कुठला लावायचा? आणि गावातली वडीलधारी मंडळी म्हणतात, पोरगं शेजारच्याच गावचं आहे, दोघांनी चहा प्या आणि मिटवून टाका.

अशा बैठकांत मी मध्यस्थ म्हणून बसत आले आहे. त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने मांडते. व्हिडिओतला माणूस पुरुष असो, बाई असो, अख्खी वस्ती असो, पायऱ्या याच.

मिटवणं वेगळं, भरून देणं वेगळं

पुस्तकात याला पुनर्स्थापक न्याय म्हणतात. शब्द जड आहे, कल्पना साधी. नेहमीची चौकशी विचारते: कायदा कुठला मोडला, कुणी मोडला, शिक्षा काय? इथे आधी विचारायचं: दुखावलं कोण, त्याला आता काय हवं, आणि ते पुरं करणं कुणाचं काम?

१९७४ साली कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. न्यायाधीशांनी त्यांना प्रोबेशन अधिकाऱ्याबरोबर प्रत्येक नुकसान झालेल्या माणसाच्या दारी पाठवलं. ज्याची काच फोडली त्याच्यासमोर उभं राहायचं, त्याचं ऐकायचं, नुकसान भरून द्यायचं. आज जगभर चालणाऱ्या अशा कार्यक्रमांची सुरुवात बहुतेक जण तिथून मोजतात. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने मुलांच्या गुन्ह्यांत कुटुंबाची बैठक आणली, त्यामागे माओरी लोकांची जुनी रीत होती.

आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीसकट, गावोगावी न्यायदान मंडळं चालवली. गावकऱ्यांचे तंटे गावातच ऐकले जायचे. त्याच प्रतिसरकारची पत्री ठोकण्याची शिक्षाही लोकांच्या लक्षात राहिली, आणि रीलवाल्याला चौकात चोपून त्याचाच व्हिडिओ काढायची आजची हौस त्याच आठवणीवर जगते. तो मार्ग या लेखात नाही. मग १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. आबा तेव्हा गृहमंत्री होते. या मोहिमेने गावाला एकत्र बसायची सवय लावली, याबद्दल मला आदर आहे. पण मिटलेल्या तंट्यांवर गुण आणि गुणांवर बक्षीस, त्यामुळे ‘मिटलं’ असं लिहिण्याची घाईही झाली. मिटवण्यात गावाला शांतता मिळते. भरून देण्यात दुखावलेल्या माणसाला काहीतरी परत मिळतं. बैठक कुणाच्या सोयीसाठी चालली आहे, हे प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारत राहा.

आधी चाळणी: हे प्रकरण बैठकीचं आहे का?

काही प्रकरणं बैठकीत आणायचीच नाहीत. इथे चूक झाली तर माणूस दुसऱ्यांदा चिरडला जातो, म्हणून जरा थांबून वाचा.

अठरा वर्षांखालच्या मुलाचा किंवा मुलीचा लैंगिक छळ, तसले फोटो, तसली मागणी: थेट पोलिस. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ज्याला हे कळलं त्याने कळवणं बंधनकारक आहे, लपवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. पंचांनी ‘मुलीच्या भविष्याचा विचार’ करून गप्प बसायचं ठरवलं, तर पंचही त्यात येतात. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

मोठ्या बाईवर बलात्कार किंवा विनयभंग झाला असेल, तर समेटाची सूचना बाहेरच्या कुणी करायचीच नाही. २०२० साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना तक्रारदार बाईकडून राखी बांधून घ्यायची अट घातली होती. १८ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि अशा प्रकरणांत न्यायालयांनी तडजोडीचं किंवा लग्नाचं नावसुद्धा काढू नये, असं बजावलं. न्यायाधीशांनी जे करायचं नाही, ते गावच्या बैठकीने तर मुळीच करायचं नाही.

‘पैसे दे नाहीतर फोटो टाकतो’ अशी धमकी चालू असेल, पाठलाग चालू असेल, जिवाची भीती असेल, तर ११२ (तातडीची मदत) आणि १९३० (सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन). जातीवरून अपमान असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. तिथे ‘दोन्ही समाजांत सलोखा राहावा’ म्हणून तक्रार मागे घ्यायला लावणं हाच पुढचा अन्याय असतो. आणि बैठकीत कुणी वाळीत टाकण्याची भाषा काढली, मग ती मावशीबद्दल असो की यूट्यूबरबद्दल, तर उठून निघा. सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

या चाळणीतून खाली काय राहतं? खूप काही राहतं. परवानगीशिवाय चित्रण, अपमान करणारे प्रँक, अर्धवट कापून फिरवलेलं बोलणं, खोटा आरोप, दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवणं, मदतीच्या नावाने गोळा केलेल्या पैशांचा हिशोब न देणं. सार्वजनिक जागी चित्रण करणं हाच मुळात गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई हे कलम शरीराच्या खाजगी भागांच्या चित्रणापुरतं आहे. मावशीच्या रडण्यासाठी कायद्यात नेमका रकाना नाही, आणि म्हणूनच तिच्यासाठी बैठकीची वाट उपयोगी आहे.

पुरावा, त्याच दिवशी

फोन करून भांडण्याआधी पुरावा घ्या. तुम्ही बोलल्याबरोबर तो व्हिडिओ लपवेल, आणि मग ‘मी असं काही टाकलंच नव्हतं’ म्हणेल.

व्हिडिओची लिंक कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲप करा, म्हणजे तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. चॅनेलच्या पानाचीही लिंक घ्या, कारण नाव आणि हँडल एका मिनिटात बदलता येतं. व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्क्रीन रेकॉर्ड करा. त्यात चॅनेलचं नाव, व्ह्यूजचा आकडा, टाकल्याची तारीख आणि वरच्या कमेंट दिसू द्या. इन्स्टाग्रामची स्टोरी चोवीस तासांत जाते, तिला आधी पकडा. ज्या फोनवर हे घेतलं तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, आणि ते देताना मूळ उपकरण कुठलं हे सांगावं लागतं.

एक साधी वही करा. कोणत्या दिवशी कोण काय बोललं, किती बाजार बुडले, मुलगा कधी घरी बसला, सगळं तारखेनिशी. बैठकीत नुकसानीची बोलणी याच वहीवर उभी राहतात.

मुलांचे आक्षेपार्ह फोटो किंवा व्हिडिओ मात्र पुरावा म्हणूनसुद्धा डाउनलोड करायचे नाहीत, कुणाला पाठवायचे नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७बी कलमात गोळा करणं आणि डाउनलोड करणंही येतं. फक्त लिंक लिहून घ्या आणि पोलिसांना द्या.

नातेवाइकांनी रागाने तो व्हिडिओ ‘बघा याला धडा शिकवा’ म्हणून गटागटांत पाठवणं आजच थांबवा. त्याने फक्त त्याचे व्ह्यूज वाढतात.

तिला काय हवं, तिच्या शब्दांत

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. घरातले पुरुष, गावातले पुढारी, कॉलेजातली पोरं, सगळे आपापली मागणी मावशीच्या तोंडी घालतात. कुणाला त्याची जिरवायची असते, कुणाला पैसे हवे असतात. तिला एकटीला, तिच्या विश्वासातल्या एकाच माणसासह बसवा आणि विचारा. पहिल्या दिवशी ती ‘मला काहीच नको’ म्हणेल. दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचारा.

आमच्या मावशीने काय सांगितलं? व्हिडिओ जाऊ दे. ‘मी खोट्या नोटा चालवत नाही’ हे त्याने त्याच तीन लाख लोकांना सांगू दे. पण माझं तोंड परत दाखवू नको. मुलाच्या कॉलेजातली पोरं त्याचे फॅन आहेत, त्यांना त्याने गप्प करू दे. आणि चार बाजार बुडले, त्याचे पैसे. तुरुंगाचं नाव तिने काढलं नाही. दुसऱ्या कुणी काढलं असतं, तर त्यातही चूक काही नव्हतं.

हे तिच्या शब्दांत कागदावर उतरवा. शेजारी लिहा, कोणती गोष्ट कुणाकडून मिळू शकते. व्हिडिओ काढणं कंपनीकडूनही मिळतं. बाकीचं फक्त त्या पोराकडून.

कंपनीकडे तक्रार

बैठक ठरत असताना ही तक्रार थांबवू नका. दोन्ही गोष्टी बरोबर चालू शकतात.

ॲपमधलं ‘रिपोर्ट’ बटण पहिलं. कारण निवडताना घाई नको. परवानगीशिवाय ओळख दाखवली असेल तर गोपनीयता, खिल्ली आणि धमक्या असतील तर छळ, खोटं खातं असेल तर तोतयेगिरी. यूट्यूबचा गोपनीयतेच्या तक्रारीचा वेगळा फॉर्म आहे, तो शक्यतो ज्याचा चेहरा दिसतो त्याने स्वतः भरायचा. त्यात व्हिडिओतली नेमकी मिनिटं-सेकंदं लिहा. कंपनी सहसा टाकणाऱ्याला ४८ तास देते, मग स्वतः बघते. शंभर जणांनी रिपोर्ट केल्याने निकाल लवकर लागत नाही, एक नीट भरलेली तक्रार पुरते. कॉपीराइटची खोटी तक्रार ठोकायचा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका. व्हिडिओ तुमच्या मालकीचा नाही, ते खोटं तुमच्यावरच उलटतं.

दुसरी पायरी म्हणजे तक्रार निवारण अधिकारी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक कंपनीने या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क आपल्या साइटवर द्यावा लागतो. २४ तासांत पोच, आणि फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीपासून जास्तीत जास्त ७ दिवसांत निकाल (आधी १५ दिवस होते). नग्न किंवा लैंगिक चित्रण, किंवा तोतयेगिरी असेल तर जास्तीत जास्त दोन तासांत ते उतरवायचं (आधी २४ तास होते). तक्रारीवरून काढलेला मजकूरसुद्धा कंपनीने तपासासाठी १८० दिवस जपून ठेवायचा असतो, हे पोलिसांना तुम्हीच आठवण करून द्या.

अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. वकील लागत नाही.

खाजगी फोटो पसरण्याची भीती असेल तर मोठ्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ आणि मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ या सेवा आहेत. फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होऊन सहभागी कंपन्यांकडे जातो.

पोलिस आणि बाकीच्या जागा

बैठक करायची असली तरी पोलिसांत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. सांगलीत आणि साताऱ्यात सायबर पोलिस ठाणी आहेत, पण अर्ज जवळच्या ठाण्यातही देता येतो, आणि ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या पोर्टलवर घरबसल्याही. ठाण्यात ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली तर निराश होऊ नका, तारखेची नोंद झाली हेही कामाचं आहे. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा १ जुलै २०२४ पासून आलेली नवी शिक्षा, समाजसेवा, हेही आहे. बाईच्या अब्रूला धक्का लावणाऱ्या शब्द-हावभावांसाठी कलम ७९.

व्हिडिओवाल्याच्या टीममध्येच एडिटिंग करणाऱ्या, कॅमेरा धरणाऱ्या मुलींचा छळ होतो, हे फार कमी बोललं जातं. ‘आम्ही काय कंपनी आहोत का’ असं तो म्हणेल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा त्यालाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत. या कायद्यात भरून देण्याची वाटही ठेवली आहे: चौकशी सुरू होण्याआधी, बाईने स्वतः मागितलं तरच, समिती समेट घडवू शकते, आणि तो पैशांच्या पायावर करता येत नाही. इतकी काळजी घेऊन लिहिलेलं कलम आपल्या गावच्या बैठकांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

साखरेवर रामबाण औषध विकणारे, पैसे घेऊन जाहिरात लपवणारे यांच्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या ग्राहक कायद्यात खोटी जाहिरात करणाऱ्याला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

वकील परवडत नाही म्हणून कुणी अडू नये. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे बाया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. क्रमांक १५१००.

मध्यस्थ कोण

दोघांपैकी कुणाचा पाहुणा नको, पक्षाचा माणूस नको, चॅनेलला जाहिरात देणारा दुकानदार नको. सरपंच चांगला असला तरी पुढच्या निवडणुकीत त्याला दोन्ही घरांची मतं हवी असतात. निवृत्त शिक्षिका, पोलिस ठाण्यातल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षातल्या समुपदेशक, विधी सेवा प्राधिकरणाकडचे प्रशिक्षित मध्यस्थ, अशी माणसं बघा. शक्यतो दोन जण, त्यातली एक बाई. मावशीला नकाराचा अधिकार द्या: ‘हा माणूस नको’ म्हटलं की कारण विचारायचं नाही.

पहिला निरोप मध्यस्थानेच पाठवायचा. मी साधारण असं लिहिते:

‘आपल्या चॅनेलवर अमुक तारखेला टाकलेल्या व्हिडिओत एका व्यक्तीचं चित्रण तिच्या परवानगीशिवाय झालं आहे. त्यामुळे तिला काय सोसावं लागलं, ते आपण समोर बसून किंवा निरोपाने ऐकावं, अशी तिची इच्छा आहे. येणं आपल्या मर्जीवर आहे. सात दिवसांत कळवावं. तोवर व्हिडिओ आणि त्याचे तुकडे बंद ठेवावेत. तिचे कायदेशीर हक्क राखून हे लिहिलं आहे.’

‘पन्नास हजार दे नाहीतर केस करतो’ असं एकही वाक्य कुणी लिहायचं नाही, बोलायचं नाही. खंडणीचा उलटा आरोप यातूनच होतो. पैशांची गोष्ट बैठकीत, झालेल्या नुकसानीच्या हिशोबावर, मध्यस्थासमोर. गप्प बसण्याची किंमत म्हणून कधीच नाही.

बैठकीआधीच्या भेटी

प्रत्येक बाजूला निदान दोनदा वेगवेगळं भेटा. एका भेटीत कुणी खरं बोलत नाही.

पोराच्या घरी गेलं की पहिल्यांदा आई बोलते: ‘अहो, त्याच्या व्हिडिओवरच घर चालतंय.’ ते खरंही असतं. ऐका. मग त्याला विचारा, त्या क्षणी तुझ्या मनात काय होतं? आता काय वाटतं? तुझ्या आईला कुणी असं केलं असतं तर, हा प्रश्न मी टाळते. आपली आई आठवल्याशिवाय दुसऱ्याची मावशी माणूस वाटत नाही, अशी सवय त्या प्रश्नाने पोराला लागते. त्यापेक्षा विचारते: त्या दिवशी ती बाजारातून घरी कशी गेली असेल? बऱ्याच पोरांनी त्याचा विचारच केलेला नसतो, कॅमेरा बंद झाला की त्यांच्यासाठी गोष्ट संपलेली असते.

दोन गोष्टी ठरल्याशिवाय बैठक घेऊ नका. घडलेलं त्याने मान्य केलं पाहिजे, निदान ढोबळ मानाने. ‘मी केलंच नाही’ म्हणणाऱ्याबरोबर ही वाट चालत नाही. आणि मावशी स्वखुशीने येत असली पाहिजे. आदल्या रात्री तिने नको म्हटलं तर नको. समोर बसायचं नसेल तर पत्राने, आवाजाच्या नोंदीने, मध्यस्थाच्या तोंडूनही हे होतं.

पोरगा अठरा वर्षांखालचा असेल तर आई-वडील किंवा पालक हवेतच, आणि त्याचं नाव कुठेही छापायचं-टाकायचं नाही.

बैठक

जागा दोघांची नको: त्याचा स्टुडिओ नको, तिची गल्ली नको, चावडी तर नकोच. शाळेचा वर्ग किंवा वाचनालयाची मागची खोली बरी. सगळे फोन बंद करून बाहेरच्या टेबलावर. ही अट पहिल्याच भेटीत सांगा, कारण बैठकीचाच व्हिडिओ करायचा मोह या मंडळींना फार असतो. दोन्हीकडची दोन-दोन आधाराची माणसं, बाकी कुणी नाही. बसायचं गोल. मावशी दाराजवळ, म्हणजे तिला कधीही उठता येईल.

कोण आधी बोलणार हे मावशी ठरवेल. मी विचारते ते प्रश्न थोडेच आहेत. काय घडलं? तेव्हा काय वाटलं, त्यानंतर काय काय झालं? सगळ्यात जास्त काय लागलं? हे सावरायला आता काय व्हायला हवं? एक बोलत असताना दुसरा बोलणार नाही. पोराने ‘पण’ म्हटलं की थांबवायचं. ‘मला माफ करा, पण कंटेंट म्हणून...’ हे वाक्य अजून माफीचं झालेलं नसतं.

मावशी त्या दिवशी म्हणाली, ‘तू नोट खोटी आहे म्हणालास तेव्हा मला वाटलं, आता पोलिस नेतील. माझ्या डोळ्यापुढं माझं पोरगं आलं.’ त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. मध्यस्थाने अशी शांतता भरून काढायची नसते. तिला माफ कर असं सांगायचं नाही, पाया पडायला लावायचं नाही, फोटोसाठी हातात हात द्यायला लावायचं नाही. माफ करणं न करणं तिचं, आणि न केलं तरी बैठक यशस्वी होऊ शकते.

कराराचा कागद

त्याच दिवशी लिहा, उद्यावर नको. कागद साधा चालतो. सोपं मराठी, प्रत्येक ओळीत कोण, काय, कधीपर्यंत. मावशीच्या कागदात साधारण हे होतं:

१. मूळ व्हिडिओ, त्याचे शॉर्ट्स आणि रील आज रात्री दहापर्यंत कायमचे काढणार, नुसते लपवणार नाही.
२. इतरांनी उचललेल्या प्रती शोधून, आठ दिवसांत त्या त्या ठिकाणी तो स्वतः तक्रार करणार.
३. पाच दिवसांत खुलाशाचा व्हिडिओ टाकणार. मजकूर आधी मावशीला वाचून दाखवणार.
४. चार बाजारांचं नुकसान, वहीतल्या हिशोबाप्रमाणे, दोन हप्त्यांत.
५. पुढे कुणाचंही चित्रण करण्याआधी परवानगी, प्रँक असेल तर टाकण्याआधी.
६. फॅनपैकी कुणी मावशीच्या घरच्यांना त्रास दिला तर चॅनेलवरून जाहीरपणे थांबवणार.

‘यापुढे पोलिसांत जाणार नाही’ असं वाक्य कुणी घालायला लावेल, घालू नका. कायद्याकडे जायचा रस्ता बंद करणारा करार आपल्या करार कायद्यातही टिकत नाही. तक्रार मागे घ्यायची असेल तर ती सगळ्या गोष्टी पुऱ्या झाल्यावर, तिच्या मर्जीने, आणि तो गुन्हा आपसात मिटवता येण्याजोगा आहे का हे वकिलाला विचारून.

आणि मुदतींवर नजर ठेवा. अपिलाचे ३० दिवस, लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी स्थानिक समितीचे तीन महिने बैठकीसाठी थांबत नाहीत. ‘पुढच्या आठवड्यात बसू’ करत करत मुदत घालवणं हा जुना डाव आहे.

माफीचा व्हिडिओ

यावर वेगळं लिहायलाच हवं, कारण अर्धी प्रकरणं इथे बिघडतात. पोरगा प्रामाणिकपणे बसतो, रडतो, मावशीचा फोटो लावतो, आणि त्या व्हिडिओला पहिल्यापेक्षा जास्त व्ह्यूज मिळतात. मावशी पुन्हा बाजारभर.

म्हणून अटी आधीच लिहा. तिचं नाव, चेहरा, गाव, बाजार काही नाही. जुन्या व्हिडिओचा एकही तुकडा नाही. थंबनेलवर रडका चेहरा नाही, मागे संगीत नाही. त्या व्हिडिओवर जाहिराती बंद, कमेंट बंद. लांबी दीड-दोन मिनिटं. ‘कुणाला वाईट वाटलं असेल तर’ असं म्हणायचं नाही. काय केलं ते सरळ सांगायचं: ‘मी खेळण्यातली नोट दिली. त्या बाईने काहीही चुकीचं केलं नव्हतं. मी खोटा आळ घेतला.’ चॅनेलच्या पानावर तो निदान तीन महिने वर राहील. आणि मावशीला घेऊन ‘आता आम्ही एकत्र’ असा व्हिडिओ कधीही नाही, तिने उद्या होकार दिला तरी महिनाभर थांबून पुन्हा विचारायचं.

दुखावलेले एक नसून शंभर असतील तेव्हा माफी कशी मागायची हा प्रश्न येतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा मदतीचं पाकीट घेणाऱ्या ओल्या, थकलेल्या बायांचे चेहरे किती मोबाइलमध्ये गेले ते सांगलीकरांनी पाहिलं आहे. अशा वेळी वस्तीतल्या पाच-सहा जणींना वस्तीनेच निवडून बैठकीला बसवायचं, आणि खुलाशाबरोबर पैशांचा छापील हिशोब वस्तीत लावायचा.

पाठपुरावा

कोण लक्ष ठेवणार त्याचं नाव करारातच लिहा. मध्यस्थाने आठव्या, तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी दोघांना फोन करायचा, मावशीला आधी. लिंक उघडून स्वतः बघायच्या, त्याच्या शब्दावर सोडायच्या नाहीत. दुसऱ्या चॅनेलवर, दुसऱ्या नावाने तोच व्हिडिओ आला आहे का, तेही शोधायचं. एखादी गोष्ट राहिली तर एकदा, लेखी, सात दिवसांची आठवण. त्यानंतर करार, वही आणि अर्जाची पोच घेऊन पोलिस ठाणं, न्यायालय किंवा समिती, जे आधी ठरलं होतं ते. दुसरी बैठक तिने मागितली तरच.

मावशीच्या बाबतीत तिसाव्या दिवशी दोन प्रती अजून फिरत होत्या, त्यातली एक सोलापूरकडच्या कुठल्याशा पानावर. पोराने तक्रार टाकल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, चौथ्या दिवशी ती उतरली. दुसरा हप्ता चुकला होता, तो आठवण दिल्यावर आला. नव्वदाव्या दिवशी मी फोन केला तेव्हा ती बाजारातच होती. मागून ‘मावशी, जुडी कशी दिली?’ असं कुणीतरी विचारत होतं. ‘नंतर करा, गिऱ्हाईक आहे,’ म्हणाली आणि फोन ठेवला.